सरड्याचा निळा रंग, टिटवीची अंडी आणि फोटोवर झालेली टीका

विट्याहून एका तरुणाने विचारलंय, ते थोडक्यात असं: "मॅडम, मी नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन फिरतो. साधा कॅमेरा आणि ७०-३०० ची लेन्स आहे. आमच्याकडच्या निसर्गप्रेमी मंडळींच्या बैठकीत पहिल्यांदाच चार फोटो पडद्यावर दाखवले. चाळकेवाडीच्या पठारावरच्या सरड्याला म्हणाले, रंग भडक केलेत, शेपूट कापली गेलीय आणि डोक्यातून पवनचक्की उगवलीय, ती काढून टाका. येरळवाडी तलावाच्या काठी मिळालेल्या टिटवीच्या घरट्यावर एक ज्येष्ठ काका सगळ्यांसमोर म्हणाले, हा फोटो काढायलाच नको होता. तिसऱ्या फोटोतल्या पक्ष्याचं नाव चुकलं होतं. कासच्या फुलांना म्हणाले, असे तर सगळेच काढतात. घरचे आणि मित्र याच फोटोंना अप्रतिम म्हणतात. आता दाखवावेत की स्वतःपुरते ठेवावेत? आणि असं कोणी बोललं तर उत्तर काय द्यायचं?"

दाखवा. पण त्या संध्याकाळी जे बोललं गेलं, ते सगळं तुम्ही एकाच गाठोड्यात बांधून घरी आणलंय, म्हणून ते इतकं जड झालंय. शेपूट कापली गेली हा तुमच्या हाताचा प्रश्न आहे. पक्ष्याचं नाव हा माहितीचा प्रश्न आहे. घरट्याचं बोलणं फोटोबद्दल नव्हतंच, ते टिटवीबद्दल होतं. या तिन्हींना एकच उत्तर देता येत नाही, आणि तिन्हींचा राग तर एकत्र मुळीच धरता येत नाही.

घरट्यापासून सुरुवात करते, कारण तिथे थांबायला वेळ नसतो.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही लांबूनच झूम करून काढला, पाच मिनिटंसुद्धा थांबला नाहीत, अंड्यांना हात लावला नाही. मला ते खरं वाटतं. तरीही काकांचं म्हणणं बरोबर आहे. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर उथळ खळगा, भोवती चार खडे, आणि त्यात बहुधा चार अंडी. अंड्यांचा मातकट रंग आणि त्यावरचे काळे डाग खड्यांत असे मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. हाच त्यांचा सगळा बचाव. आपल्या भागात ही वीण ऐन उन्हाळ्यातही चालू असते. उन्हाळ्यात अंडी उबवण्यापेक्षा ती तापू न देणं हे आईबापांचं मोठं काम असतं. ती अंड्यांवर उभी राहून सावली धरतात, पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. माणूस जवळ आला की ती उठतात, ओरडत घिरट्या घालतात, आणि तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडतात. तुमची पाच मिनिटं ही तुमच्या घड्याळातली. पक्षी तुम्ही दिसल्यापासून ते तुम्ही पुरते दूर जाईपर्यंत परत येत नाही. शिवाय त्या ओरडण्याने कावळ्याला आणि कुत्र्याला कळतं की इथे काहीतरी आहे.

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यातच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं धरलेलं आहे. हे मी तुम्हाला भीती घालायला सांगत नाही. काका एवढं कडक का बोलले ते कळावं म्हणून सांगते. जी माणसं वर्षानुवर्षं तळ्यांच्या काठाने फिरतात, त्यांनी एका घरट्याचा फोटो दाखवला गेल्यावर पुढच्या रविवारी तिथे दहा कॅमेरे गेलेले पाहिलेले असतात. त्यांचा आवाज चढतो तो त्यामुळे.

अशा टीकेला उत्तर देताना "मी फक्त" या दोन शब्दांनी सुरुवात करू नका. मी फक्त झूमने काढला, मी फक्त एकच काढला. त्या क्षणी सगळ्यांची नजर पक्ष्यावर असते आणि आपण बोलणं स्वतःवर आणतो. एवढंच म्हणा: "काका, पटलं. हा फोटो बाजूला ठेवतो. पुन्हा असं घरटं दिसलं तर किती लांबून मागे फिरायचं ते सांगा." मग खरोखरच फोटो बाजूला ठेवा. कोणाला पाठवला असेल तर पुढे पाठवू नका असं सांगा. त्यात जागेचं नाव असेल तर तेही काढा. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये नेमकं ठिकाण नोंदलेलं असू शकतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं. घरट्यांना हे लागू आहे तसंच दुर्मीळ झाडांनाही. कंदीलपुष्पाचं उदाहरण घ्या. त्याचे कंद खाण्यासाठी उकरले जातात, आणि काही जाती इतक्या थोड्या जागी उरल्यात की नेमका पत्ता सांगणं म्हणजे कुदळीला वाट दाखवणं. आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदी करायच्या संकेतस्थळावर नोंद केली तर धोक्यातल्या जातींचं अचूक ठिकाण ती यंत्रणा आपणहून झाकते. आपणही बोलताना तेच करायचं. "साताऱ्याच्या पश्चिमेचं पठार" एवढा पत्ता पुरे.

आता सरडा. मला तुमचा सर्वांत आवडलेला फोटो हाच, आणि त्यावरची टीका सर्वांत विचार करण्यासारखी.

तुम्ही काढलेला सरडा साधा नाही. साताऱ्याहून ठोसेघरवरून पुढे गेलं की चाळकेवाडीचं सडा-पठार, म्हणजे उघड्या जांभ्या खडकाचं पठार लागतं, तिथला तो पंख्यासारखा गळा उघडणारा सरडा. विज्ञानाने त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं ते अलीकडे, २०१६ साली: सरडा सुपर्बा. पावसाआधीच्या उन्हाळ्यात नर एखाद्या उंच दगडावर चढतो आणि गळ्याखालचा निळा, काळा, नारिंगी पंखा उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. मादीला बोलावणं आणि दुसऱ्या नराला बजावणं, दोन्ही त्याच पंख्याने. म्हणजे तो रंग शोभेचा नाही, तो रंग म्हणजे त्याचं बोलणं आहे.

हे लक्षात घेतलं की "रंग भडक केलेत" ही टीका निराळी दिसते. याच पठारावर झालेलं एक संशोधन २०१८ साली नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन या नियतकालिकात आलं. पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना होती. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचा वावर बराच कमी आढळला. खाणारे कमी झाल्याने सरडे वाढले. ते माणसाला अधिक जवळ येऊ देतात असंही दिसलं. पण सरड्यांची गर्दी झाली की खाण्यासाठी चढाओढ वाढते, आणि तिथल्या नरांच्या गळ्याचे रंग तुलनेने फिके आढळले.

आता तुमचा फोटो पुन्हा पाहा. मागे पवनचक्की, पुढे सरडा, आणि त्याच्या गळ्याचा निळा तुम्ही कॉम्प्युटरवर स्लायडर ओढून गडद केलेला. त्या ठिकाणी त्या सरड्याचा रंग नेमका किती गडद आहे, हीच खरी बातमी आहे, आणि ती तुम्ही पुसलीत. टीका करणाऱ्याने कदाचित फक्त डोळ्यांना खुपलं म्हणून म्हटलं असेल. पण ती टीका पूर्ण मान्य करावी अशी आहे. आणि पवनचक्की काढून टाका ही सूचना पूर्ण नाकारावी अशी आहे. कॉम्प्युटरवर ती पुसली तर एक सुंदर सरडा उरेल, पण तो कुठेच राहत नसलेला सरडा असेल. ज्या पात्यांमुळे त्याचं सगळं जगणं बदललं तीच आपण चित्रातून उडवायची, हे मला पटत नाही.

मात्र "डोक्यातून उगवलीय" हा आक्षेप वेगळा, आणि तो खराच आहे. पवनचक्की फोटोत असणं आणि ती सरड्याच्या टाळूवर शिंगासारखी उभी असणं यात फरक आहे. तो फरक कॉम्प्युटरवर नाही, पठारावर सोडवायचा. पोटावर झोपलेले असताना कॅमेरा वीतभर डावीकडे सरकवला की खांब डोक्यावरून बाजूला जातो, कारण सरडा जवळ आणि खांब फार लांब आहे. सरडा मात्र हलवायचा नाही, आणि त्याचा दगडही नाही. चांगली पार्श्वभूमी मिळावी म्हणून दगड उचलून दुसरीकडे ठेवणारे मी पाहिलेत. तो दगड म्हणजे त्याची टेहळणीची आणि बोलण्याची जागा, आणि बहुतेकदा त्याखालची भेग हा त्याचा आसरा असतो.

रंगाचं तांत्रिक कारणही सांगते, म्हणजे पुढच्या वेळी स्लायडर ओढायची वेळ येणार नाही. एप्रिल-मेच्या उन्हात कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (फोटोत किती उजेड, किती अंधार ते दाखवणारा आलेख) ठीक दिसतो, पण तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावला तर निळा उजव्या, म्हणजे अति उजळ बाजूच्या भिंतीला जाऊन आपटलेला दिसेल. तसं झालं की त्या निळ्यातले खवले हरवतात. खवल्यांची एक एक कड दिसायला हवी, तिथे रंगवलेला पत्रा दिसतो. त्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा वाढवलं की उरलेसुरले खवलेही गेले. उपाय असा की एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, थोडं खाली ठेवायचं आणि रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर काम करायचं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे कॅमेरा रंगांचा जो तोल साधतो तो, ऑटोवर सोडायचा नाही, कारण तांबूस जांभा आणि वाळलेलं गवत यांनी चौकट भरलेली असली की ऑटो निळ्याकडे झुकू शकतो. "सूर्यप्रकाश" हे साधं सेटिंग लावा. सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना काढलेला पंखा कोणत्याही स्लायडरपेक्षा सुंदर दिसतो.

शेपटीचं थोडक्यात. हा सरडा लांब शेपटीचा. एक तर शेपटीच्या टोकापुढेही थोडी जागा सुटेल असा पूर्ण घ्या, नाहीतर सरळ गळा आणि डोळा एवढ्यावरच या. शेवटची दोन बोटं कापली गेली की ती चूक वाटते, अर्धं शरीर सोडलं की तो निर्णय वाटतो.

पक्ष्याचं नाव चुकलं याचं वाईट वाटून घेऊ नका. ती त्या बैठकीतली सर्वांत उपयोगी टीका होती. तुम्ही ज्याला चंडोल म्हणालात ती तिरचिमणी होती, आणि सड्यावर हा घोळ भल्याभल्यांचा होतो. दोन्ही मातकट, दोन्ही छातीवर रेघा, दोन्ही गवतात. मलबार चंडोलाच्या डोक्यावर टोकदार तुरा असतो. तिरचिमणी सडपातळ, ताठ उभी राहणारी आणि चालताना शेपूट हलवणारी. तुमच्या एका फोटोत शेपूट हलताना दिसणार नाही, पण तुम्ही ती पाहिली असेल. म्हणून फोटोबरोबर दोन ओळी लिहून ठेवत जा: कुठे, कोणत्या महिन्यात, किती वाजता, काय करत होता. फोटो बघून नाव सांगणाऱ्याला त्या दोन ओळी फोटोइतक्याच कामाच्या असतात. नाव दुरुस्त करून मिळालं की फाइलचं नाव त्याच रात्री बदला, नाहीतर चुकीचं नाव तुमच्या मागे वर्षानुवर्षं फिरत राहील.

"असे तर सगळेच काढतात" याला मात्र काही उत्तर देऊ नका. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, भाद्रपदात तिथे गर्दी होणार, आणि सीतेची आसवं आणि गेंद यांचा गालिचा सगळेच काढणार. त्यात तुमचा दोष नाही. ज्या टीकेतून पुढे काय करायचं ते कळत नाही, ती टीका पूर्ण झालेली नाही. बोलणाऱ्यालाच शांतपणे विचारा, "तुम्ही असता तर काय पाहिलं असतं?" त्याच्याकडे उत्तर असेल तर तुम्हाला कामाचं काही मिळेल. नसेल तर पुढचा फोटो लावा. माझं विचाराल तर गालिच्यात उभं राहून रुंद फोटो काढण्यापेक्षा वाटेच्या कडेला बसून एकाच सीतेच्या आसवाकडे बघा. एवढंसं निळंजांभळं फूल, पण ते कीटकभक्षी आहे. मातीत त्याच्या बारीक पिशव्या असतात आणि सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. जांभ्यावर मातीचा थर जेमतेम, त्यात पोषण नाही, म्हणून ही सोय. हे कळलं की कोणता फोटो काढायचा ते आपोआप सुचतं. आणि तो काढताना कोपर कुठे टेकवतोय ते बघा. जाणती माणसं चौकटीच्या कडेला चिरडलेली फुलं शोधतात, आणि शोधलीच पाहिजेत.

कोणी "मोठी लेन्स घ्या" म्हणालं असेल तर तेही ऐकून सोडून द्या. तुमच्या चारही फोटोंत लेन्समुळे बिघडलेलं काही नाही.

घरच्यांच्या "अप्रतिम"चं काय, असंही तुमच्या प्रश्नात आहे. ते प्रेम आहे, ते तसंच घ्या. पण त्यांना फोटो दाखवताना कसा वाटला असं विचारू नका, आधी नजर कुठे गेली ते विचारा. तुमची आई म्हणाली की त्या पांढऱ्या खांबाकडे, तर बैठकीतल्या जाणकारांनी सांगितलं तेच तिनेही सांगितलं. हा प्रश्न कोणालाही विचारता येतो. आणि ज्यांना तो विचारायलाच हवा अशी माणसं बैठकीत नसतात, ती पठारावर असतात. चाळकेवाडीला गुरं राखणाऱ्या एखाद्या मामांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर तुमचा सरडा दाखवा. हा कोणत्या महिन्यात दिसायला लागतो, पूर्वी किती दिसायचे, हे त्यांच्याकडून कळेल. फोटोतलं काही खोटं वाटलं तर तेही ते पटकन सांगतील, कारण त्यांनी तो सरडा उघड्या डोळ्यांनी रोज पाहिलेला असतो.

टीका ऐकताना समोर वही ठेवा आणि त्या वेळी बोलू नका, लिहा. स्पष्टीकरण द्यायचा मोह होतो, पण प्रत्येक फोटोमागून बोलणारा माणूस असला की लोक पुढच्या वेळी मनातलं सांगत नाहीत. रात्र जाऊ द्या. मग मूळ फाइल उघडा, त्यांनी सांगितलं तसं एकदा करून पाहा, तुमचं आधीचं शेजारी ठेवा. जे पटलं ते स्वीकारा. जे पटलं नाही ते का पटलं नाही हे एका वाक्यात लिहिता आलं, तर तुमचा निर्णय ठाम आहे. लिहिता आलं नाही तर बहुधा फक्त मन दुखावलंय.

एक गोष्ट मात्र कोणी विचारायच्या आधी तुम्हीच सांगायची: फोटो कसा मिळाला. आवाज वाजवून पक्षी बोलावला का, खाणं टाकलं का, पिंजऱ्यातला आहे का, काही पुसलं किंवा जोडलं का. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या जगातल्या नावाजलेल्या स्पर्धेत २००९ सालचा लांडग्याचा विजेता फोटो नंतर रद्द झाला, कारण परीक्षकांच्या मते तो लांडगा बहुधा माणसाळवलेला होता. २०१७ साली तिथेच एका गटात जिंकलेला मुंगीखाऊचा फोटो पुढच्या वर्षी रद्द झाला, कारण तो प्राणी पेंढा भरलेला असल्याचं तज्ज्ञांचं मत पडलं. दोन्ही फोटो देखणे होते. आपल्या बैठका छोट्या, पण आपला फोटो बघून एखादा विद्यार्थी नोंद करतो, एखादा शिक्षक तो वर्गात दाखवतो. त्यांना खरं कळायला हवं.

काकांना पुन्हा भेटाल तेव्हा सरड्याचा नवा फोटो घेऊन जा आणि म्हणा: "काका, रंग मूळ होता तसा ठेवलाय. खांब डोक्यावरून बाजूला घेतलाय, पण तो पुसणार नाही, कारण हा सरडा तिथेच राहतो." त्यांना पटलं नाही तर वाद होईल. होऊ द्या. सरड्याबद्दलचा वाद चांगला असतो, त्यातून पुढच्या उन्हाळ्यात चाळकेवाडीला एकत्र जायचं ठरतं.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधला. तुमच्या तालुक्यात शाळेत किंवा वाचनालयात प्रदर्शन भरलं तर तिरचिमणीचा फोटो द्या, टिटवीचा नको. खाली एवढंच लिहा: "तिरचिमणी. सड्यावरच्या गवतात, सकाळी. चालताना शेपूट हलवत होती. आधी चंडोल समजलो होतो, जाणकारांनी दुरुस्त केलं."